सीट खाली घेतली जाणार नाही

बाबा गेल्यावर जी माणसं आमच्याकडे सांत्वनाला येऊन हळू आवाजात बोलून गेली होती, तीच माणसं काही आठवड्यांनी पुन्हा आली, आणि या वेळी सोफ्यावर न बसता सायकलच्या सीटांवर बसून पाहू लागली. यात कुणाचाही अनादर करायचा हेतू नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. चूक असलीच तर ती बाबांच्या काम करण्याच्या पद्धतीत होती, आणि पद्धत सुधारायला ते आता उपलब्ध नव्हते.

निवृत्तीनंतर बाबा आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सायकली दुरुस्त करत. धंदा म्हणून नाही. कुणी पाकीट काढलं की ते अशा चेहऱ्याने बघत, की समोरचा माणूस पाकीट परत खिशात घालून वर माफी मागे. त्यांचा नियम एकच होता. सायकल दुरुस्तीला आली की सर्वांत आधी तिची सीट काढायची आणि वर घरी नेऊन ठेवायची. कारण सायकलवाल्यांना धीर नसतो. चाक जागेवर दिसलं की मालक "जरा चौकापर्यंत जाऊन येतो" म्हणून सायकल घेऊन जातो, आणि ब्रेक अजून बसलेला नसल्यामुळे चौकाच्या बराच पुढे जातो. आमचे शेजारी विमावाले असेच एकदा चौक ओलांडून फळांच्या दुकानात शिरले होते. ते स्वतः विमा विकत असल्यामुळे या घटनेची चर्चा जरा जास्तच झाली. तेव्हापासून बाबा सीटा ओलीस ठेवू लागले. काम पुरतं झालं की मालकाला खाली बोलवायचं, त्याच्यादेखत सीट बसवायची, आणि त्याने इमारतीभोवती एक चक्कर मारून दाखवली तरच सायकल त्याची.

कुठली सीट कुणाची, याची कुठेही खूण नसे. बाबांच्या मते तिची गरज नव्हती. माणूस जसा बसतो तशी त्याची सीट होत जाते, आणि ते नुसतं सीटकडे बघून मालक ओळखत. "ही गणिताच्या बाईंची. बाई डावीकडे कलतात, पण मान्य करणार नाहीत." आईला हे ज्ञान पसंत नव्हतं. "शेजाऱ्यांबद्दल माणसाला एवढं माहीत असू नये," ती म्हणायची.

मग एका दुपारी पेपर वाचता वाचता बाबा खुर्चीतच गेले. पेपर नीट घडी करून बाजूला ठेवलेला होता. त्याबद्दल इथे एवढंच. सीटा पलंगाखाली राहिल्या, सायकली जिन्याखाली राहिल्या, आणि दोन्हींची गाठ घालून देणारा माणूस राहिला नाही.

खालच्या फलकावर सूचना लागली ती त्यानंतर. जिन्याखालील विनासीट व बेवारस सायकली येत्या रविवारी भंगारात देण्यात येतील, आणि त्या जागी शोभेच्या कुंड्या ठेवण्यात येतील. खाली सेक्रेटरींची सही.

आमचे सेक्रेटरीकाका वाईट माणूस नाहीत. त्यांना लोक नाराज झालेले बघवत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. पाण्याचा पंप आठवडाभर चालू होणार नसेल, तरी ते "तासाभरात येतंय पाणी" असं इतक्या मायेने सांगतात, की माणसं नळाखाली बादल्या लावून बसतात. लिफ्टबद्दलही ते असंच सांगतात. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस त्यांच्या म्हणण्यानुसार कायम वाटेत असतो. त्यांना खोटारडे म्हणावं असं मात्र कुणाला कधी वाटलं नाही, कारण सांगताना त्यांचा स्वतःचाही विश्वास बसलेला असतो.

मी तडक त्यांच्याकडे गेले.

"काका, त्या सायकली बेवारस नाहीत."

"अगं, मग वारस कुठायत?"

"मी आहे ना."

"तू दिवसभर वाचनालयात असतेस. आणि तुला सायकल येते का?"

मी फरशीकडे बघितलं. काकांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण ते पंख्याकडे बघायला लागले.

"हे बघ," ते पंख्याला म्हणाले, "मी काही दुष्ट नाही. जी चालू असेल ती सायकल राहील. चालू म्हणजे काय, तर रविवारी सकाळी माझ्यासमोर कुणीतरी तिच्यावर बसून गेटाबाहेर रस्त्याला लागलं पाहिजे. ढकलत नेलेली धरणार नाही. उरलेल्या भंगारवाला नेईल."

"आणि बाबांची?"

"तीसुद्धा. कुणीतरी चालवायला नको का गं?"

म्हणजे प्रश्न असा झाला, की माझ्या वडिलांची सायकल माझ्या वडिलांच्या जिन्याखाली राहायची असेल तर मला रविवारपर्यंत सायकल यायला हवी होती. आणि ती मला का येत नाही, हे सांगणं भाग आहे.

लहानपणी बाबांनी मला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. सगळ्यांचे वडील मागून सीट धरून पळतात, "धरलंय, धरलंय" म्हणत राहतात आणि गुपचूप कधीतरी सोडून देतात. पोर पुढे जातं, मागे वळून बघतं, तोवर शिकलेलं असतं. सगळं जग असंच सायकल शिकलं आहे. माझे वडील सोडण्याआधी सांगत. "सोडतोय हं," ते म्हणत, आणि मी त्याच क्षणी पडे.

"बाबा, सांगू नका ना."

"न सांगता कसं सोडू? तू माझ्या भरवशावर बसलीयेस."

या सचोटीपायी माझे दोन्ही गुडघे कायमचे खरखरीत झाले. शेवटी आम्ही दोघांनी समजुतीने माघार घेतली. ते सायकलींकडे गेले, मी पुस्तकांकडे गेले, आणि घरात पुढे शांतता नांदली.

आता रस्त्याविषयी. गेटाबाहेरच्या रस्त्यावर नगरपालिकेने एका कडेला पांढरी रेघ ओढून ठिकठिकाणी सायकलचं चित्र रंगवलं आहे. रंग वाळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. पहिली मोटार सेक्रेटरीकाकांची. त्यांच्या हक्काच्या जागेत ती नीट मावते, पण आत घालताना आरसा मिटावा लागतो, आणि ते त्यांना कमीपणाचं वाटतं. बाकीच्या सायकलवाल्यांनी मुकाट मोटारींना वळसा घालायला सुरुवात केली. वळसा घातला की माणूस थेट बसच्या पुढ्यात येतो, त्यामुळे हळूहळू सायकलवालेच कमी झाले. बाबांनी वळसा घातला नाही. ते मोटारीच्या मागे सायकल थांबवत, एक पाय जमिनीवर टेकत, आणि घंटी वाजवत. रागाने नाही. दार उघडेपर्यंत पाहुणा जसा बेल वाजवतो, तशी. सेक्रेटरीकाका कितीतरी वेळा अर्धी दाढी करून खाली आले आहेत.

"अहो, शेजारून जा ना," ते म्हणत.

"शेजारून गेलो की मी मान्य केलं असं होतं," बाबा म्हणत, आणि पुन्हा घंटी.

इथे एक बारकावा आहे. सेक्रेटरीकाका इमारतीतल्या सगळ्यांना लाडाने अरे-अगं करतात, बाबांनासुद्धा अरे. ते कुणाला अहो म्हणू लागले, की प्रकरण वकिलापर्यंत जाणार असं समजायचं.

मला वाटलं, रविवारी सायकली रस्त्यावर आणायच्या तर आधी रस्ता मोकळा हवा. म्हणून मी वाचनालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून वॉर्ड ऑफिसला गेले. तिथल्या साहेबांनी माझं म्हणणं डोळे मिटून ऐकून घेतलं.

"बाई, तो सायकलमार्ग नाही," ते म्हणाले.

"रस्त्यावर सायकल काढलीय."

"चित्र आहे ते. चित्रावर गाडी लावली म्हणून कारवाई करता येत नाही. मार्ग घोषित व्हावा लागतो."

"मग करा घोषित."

"वापर दिसला पाहिजे. आमचा माणूस पाहणी करून आला. एक सायकल दिसली नाही त्याला."

"गाड्या उभ्या असतात हो त्यावर. सायकल जाणार कुठून?"

"तेच म्हणतोय मी. वापर नाही."

मी आयुष्यात पुष्कळ तत्त्वज्ञान वाचलं आहे, पण इतका गुळगुळीत युक्तिवाद मला क्वचितच भेटला. त्यात कुठे बोट घालायलाही जागा नव्हती. मी त्यांना म्हणाले, "वापर दाखवते तुम्हाला," आणि पायी घरी आले. असलं काही बोलून झाल्यावर माणसाने निदान एखाद्या वाहनाने तरी निघावं, हे मला वाटेत सुचलं.

मग मी इमारतीत दारोदार फिरले आणि ज्यांच्या सायकली खाली आहेत त्यांना शुक्रवारी संध्याकाळी वर बोलावलं. विमावाले आले, गणिताच्या बाई आल्या, कर्नल आले, आणि इतरही. कर्नल कधी सैन्यात नव्हते. त्यांचं गणवेश शिवायचं दुकान होतं, पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे खांदे मोजता मोजता त्यांचे स्वतःचे रुंद झाले. आईने पलंगाखालून सीटा काढल्या, पुसल्या, आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. सगळे चहाचे कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. आपली कुठली, हे एकालाही सांगता येईना. सगळ्या काळ्या, सगळ्या फाटलेल्या. आणि खरं सांगायचं तर आपली सीट आपल्याला दिसत नाही, ती नेहमी आपल्याखाली असते.

"बसून बघितल्याशिवाय कळायचं नाही," कर्नल म्हणाले.

त्यानंतर खोलीत पसरलेली शांतता मला सांत्वनाच्या दिवसांतही ऐकू आली नव्हती.

अखेर आईनेच स्टूल आणलं. त्यावर एक सीट ठेवायची, एकाने दोन्ही हातांनी ती घट्ट धरायची, दुसऱ्याने बसायचं, आणि बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं, असं ठरलं. पहिले कर्नल बसले. "ही नव्हे," ते म्हणाले. दुसरीवरही तसंच. तिसरीवर मात्र ते बराच वेळ बसून राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू तरुण होत गेला. "हीच," ते म्हणाले. "हिच्यावर बसून मी मुलगी बघायला गेलो होतो."

"बघितली का मग?" आईने विचारलं.

"चेन पडली वाटेत. काळ्या हातांनी गेलो. नकार आला."

गणिताच्या बाईंनी स्टूलवर बसायला साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, यात एकेक वजा करत जायचं असतं. ज्या ज्या सीटवर इतर आरामात बसले ती आपली नव्हे, म्हणजे शेवटी उरेल ती आपली. युक्ती निर्दोष होती, पण विमावाल्यांना सगळ्याच सीटा आरामशीर वाटत होत्या. ते प्रत्येकीवर बसून म्हणत, "हीसुद्धा असू शकते." त्यांच्या धंद्यात कुणाला नाही म्हणायची पद्धत नसते. शेवटी बाईंनी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं, उरलेल्या दोन सीटांमधली डावीकडे दबलेली मी न बोलता उचलून बाईंच्या हातात दिली, आणि त्यांनी ती न बोलता घेतली.

शनिवारी जिन्याखाली सगळे जमलो. मी वाचनालयातून सायकल दुरुस्तीची तीन पुस्तकं आणली होती. पहिल्याच पुस्तकात वाक्य होतं, 'नट घट्ट आवळावा, परंतु प्रमाणाबाहेर आवळू नये.' असं वाक्य मी याआधी फक्त संसारावरच्या पुस्तकांत वाचलं होतं, आणि तिथेही प्रमाण दिलेलं नव्हतं. कर्नलांनी ट्यूबला ठिगळ लावलं, ते शिलाईच्या सफाईने लावलं, फक्त भोक दुसरीकडे होतं. विमावाल्यांनी चेनला इतकं तेल घातलं की सायकल उभी होती तिथे तिचं तेलात प्रतिबिंब पडलं. बाईंनी टोपात पाणी घेऊन ट्यूब बुडवली आणि बुडबुडे निघाल्यावर वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यासारखी मान हलवली. जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देत होता. ज्यांच्याकडे कधीही सायकल नव्हती त्यांचे सल्ले अधिक ठाम होते. संध्याकाळपर्यंत आमचे हात काळे झाले आणि सायकली उभ्या राहिल्या. सेक्रेटरीकाका दोनदा येऊन बघून गेले. "छान, छान," ते म्हणाले. "कुंड्या वाटेत आहेत." त्यामुळे मला थोडा धीर आला. लिफ्टचा माणूसही वाटेतच होता.

राहिली बाबांची सायकल. तिला काहीही झालेलं नव्हतं. हवा भरली, पुसली, झालं. फक्त बाबा चांगले उंच होते आणि मी आईवर गेले आहे. सीटवर बसलं की माझे पाय पॅडलला चवड्यांनी कसेबसे लागत, जमिनीला अजिबात लागत नसत.

"सीट खाली घे," विमावाले म्हणाले. "एका पान्याचं काम."

"नाही घेणार."

"अगं, तुझा पाय मोजून देतो मी," कर्नल म्हणाले, आणि सवयीने खिशातून टेप काढली. "इतकी खाली आली की झालं."

"नको."

"यात भावनेचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "जमिनीपासूनच्या अंतराचा आहे."

"मला माहीत आहे बाई."

एव्हाना आमच्या घरात बाबांची खुर्ची भिंतीला सरकली होती, चष्मा कपाटात गेला होता, त्यांच्या चपला आईने कुणाला तरी दिल्या होत्या. सगळं योग्यच होतं, घर असंच आवरलं जातं. पण त्यांच्या मापाची एकच गोष्ट जिथल्या तिथे राहिली होती, आणि एका पान्याने ती माझ्या मापाची झाली असती. मी पाना खिशात घातला. आई जिन्यात उभी होती. "राहू दे तिला," ती म्हणाली, आणि विषय संपला.

त्या संध्याकाळी मी आवारात सराव केला. बसायचं जिन्याच्या पायरीवरून, पायाने रेटा द्यायचा, आणि एका खांबापासून निघून दुसऱ्या खांबाला मिठी मारायची. खांब ते खांब मला जमू लागलं. थांबायला काहीतरी धरायला लागे, एवढंच. पडायची भीती वाटली की मी मनातल्या मनात "सोडतोय हं" ऐकायची, आणि पडायची. पण खांब जवळ असल्यामुळे फार नाही.

रविवारी सकाळी सेक्रेटरीकाका गेटापाशी हात बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी भंगारवाला हातगाडी घेऊन, आणि बाहेर, सायकलच्या चित्रावर, नेहमीच्या जागी त्यांची मोटार. आई बाल्कनीत होती.

"पुढे तू," कर्नल म्हणाले. "सायकल तुझ्या वडिलांची आहे."

मी पायरीवरून निघाले. गेटातून अगदी छान बाहेर पडले, डावीकडे मी वळले नाही, सायकलच वळली, आणि समोर मोटारीची पाठ आली. उजवीकडून बस येत होती. थांबायला खांब नव्हता. मी जे समोर होतं ते धरलं. मोटारीच्या टपावरचा सामान ठेवायचा दांडा डाव्या हाताने गच्च पकडला आणि सायकलवर बसल्या जागी, पाय हवेत, तशीच राहिले.

मागून एकेक करून सगळे आले आणि थांबले. कर्नल थांबले, बाई थांबल्या, विमावाले बाईंच्या मागच्या चाकात थांबले. मला उतरता येत नाही हे त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, ही बाबांसारखी उभी राहिलीय.

मला काय करावं सुचेना, म्हणून मी घंटी वाजवली. मागे कर्नलांनी वाजवली. मग सगळ्यांनी.

"अगं, शेजारून जा की," सेक्रेटरीकाका पुढे येत म्हणाले.

"नाही जाणार."

"बस खोळंबलीय बघ."

सायकलींची शेपटी रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली होती आणि बस खरंच थांबली होती. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"काय झालंय?"

"सायकलमार्गावर गाडी आहे," बाई त्याला म्हणाल्या.

"इथे सायकलमार्ग आहे?" ड्रायव्हर म्हणाला. "मला आजच कळतंय." आणि त्याने इंजिन बंद केलं. खिडक्यांतून माणसं बघायला लागली. बसचा हॉर्न एकदा वाजला, पण घंट्या थांबल्या नाहीत. खरं सांगते, तोवर मी नुसती अडकलेली होते. पण मागे इतक्या घंट्या वाजत असताना माणूस फार काळ नुसता अडकलेला राहू शकत नाही. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"हे बघा मॅडम, तुम्ही खाली उतरा," सेक्रेटरीकाका म्हणाले. आता प्रकरण अहोवर आलं होतं.

"मोटार हलल्याशिवाय नाही."

"बरं. काढतो मी मोटार. झालं समाधान?" त्यांनी खिशातून किल्ली काढली.

मी दांड्याकडे बघितलं. "नका काढू."

"अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात."

"मी तिला धरलंय, काका. तुम्ही काढलीत तर मी पडेन."

"मग उतरा आधी."

"उतरता येत नाही. पाय पोचत नाहीत."

घंट्या एकेक करून थांबल्या. सेक्रेटरीकाकांनी माझे हवेतले पाय बघितले, मग जमीन बघितली, मग सीट बघितली. या सीटपुढे अर्धी दाढी करून ते किती वर्षं उभे राहिले होते. ती किती उंचावर असते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"खाली का नाही घेतलीस गं?" ते हळू म्हणाले.

मी घंटीकडे बघत राहिले. वर बाल्कनीतून आई म्हणाली, "तिला विचारू नका. घेणार नाही ती."

काकांनी एकदा वर बाल्कनीकडे बघितलं. मग त्यांनी किल्ली विमावाल्यांकडे दिली. "तू काढ. आणि आत, माझ्या जागेत लाव."

"निर्धास्त राहा," विमावाले म्हणाले. "गाडीचा विमा माझ्याकडेच आहे."

"आरसा मिट," काका म्हणाले. हे त्यांना जड गेलं असणार.

मग ते माझ्या मागे आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सीट मागून धरली. "हं. सोड तो दांडा."

मी सोडला. मोटार माझ्या पुढून सरकत निघून गेली, आणि तिच्याखालचं सायकलचं चित्र उघडं पडलं. रस्त्यावरची बाकी सगळी चित्रं उन्हाने आणि टायरांनी केव्हाच पुसट झाली होती. हे एवढं वर्षानुवर्षं मोटारीच्या सावलीत राहिलेलं, काल काढल्यासारखं पांढरंशुभ्र होतं.

"मार पॅडल," काका म्हणाले.

मी मारलं. ते मागे पळायला लागले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. गेटापासून भंगारवाला ओरडला, "साहेब, ही कधी रिकामी होणार?"

"ही चालू आहे," काका धापा टाकत म्हणाले. "दिसत नाही?"

मी चित्रावरून गेले. मागे घंट्या पुन्हा सुरू झाल्या, बसचं इंजिन सुरू झालं, आणि मी वाट बघत होते ती त्या दोन शब्दांची.

"काका, सोडू नका."

"नाही सोडत."

"सोडलंत तर सांगा."

"सांगतो की."

रस्ता पुढे सरळ होता. हँडल हलत होतं, पण पडत नव्हतं. माझा श्वास मला ऐकू येत होता. दुसरा कुणाचा येत नव्हता.

"काका, धरलंय ना?"

"धरलंय गं, धरलंय," सेक्रेटरीकाका म्हणाले, तितक्याच मायेने, जितक्या मायेने ते पंपाबद्दल सांगतात. आवाज फार लांबून आला.

बाबांना हे आयुष्यात जमलं नसतं.

तो रस्ता सरळ वॉर्ड ऑफिसला जातो. रविवारी ते बंद असतं, मला माहीत होतं. पण मागे सगळे घंट्या वाजवत येत होते, आणि वळायचं कसं हे मला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून मी सरळ गेले.